बिशपचे ओले मोजे

सगळ्याची सुरुवात मी एका कोंबडीला उठवलं तिथून झाली. सासूबाईंच्या गोठ्यात एक लाकडी पेटी होती, पेटीत गवत होतं आणि त्या गवतावर गेली कित्येक वर्षं कुठली ना कुठली कोंबडी बसलेली असायची. त्या बुधवारी मी अंडी आणायला गेलो (आमच्याकडे ज्या कामात बिघडवण्यासारखं काही नसतं ती कामं माझ्याकडे असतात), कोंबडीला बाजूला केलं, आणि गवतात मला चावी फिरवायचं हँडल दिसलं. ती पेटी म्हणजे सासूबाईंच्या वडिलांचा, बॅटी मॅरिनन यांचा ग्रामोफोन होता.

रविवारी सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. माझ्या मनात आलं, हा दुरुस्त करून त्यांना द्यावा. बावीस वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. नुसतं 'टाल्टी' म्हणतात, तेही दारात आलेल्या वीजबिलाकडे बघावं तसं बघून. निदान वाढदिवसाला तरी एकदा 'मॅलकी' म्हणतील, एवढाच माझा स्वार्थ होता.

आता भांडण सांगतो. आमचं घर आणि सासूबाईंचं घर यांच्यामध्ये दगडांचा एक गडगा आहे. गडग्याच्या अलीकडे टाल्टी, पलीकडे मॅरिनन. लग्न झालं तेव्हा डिम्पना गडगा ओलांडून आली, एवढंच तिचं सासरी येणं. दोन्ही घरांत वाद एकाच गोष्टीवरून, आणि ती म्हणजे 'बिशपचे ओले मोजे'. ही आयरिश नाचाची एक चाल आहे, 'रील' म्हणतात तसली, चांगली पळती. मॅरिनन म्हणतात, एकदा एक बिशप आमच्या ओढ्यात पडला, त्याचे मोजे आमच्या चुलीवर वाळत घातले, आणि ते वाळेपर्यंत आमच्या पणजोबांनी ही चाल बांधली, ए पट्टीत. टाल्टी म्हणतात, ओढा आमचा, चूल आमची, पणजोबा आमचे आणि पट्टी जी, म्हणजे ए-पेक्षा एक सूर खालची. (ओढा एकच आहे. तो दोन्ही शेतांतून जातो. बिशप नेमका कुठे घसरला हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.)

एका पट्टीवरून एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. अहो, मॅरिनन मंडळी फिडलवाली. (व्हायोलिन म्हटलं तर सासूबाई जेवायला वाढत नाहीत.) फिडलला ए काय आणि जी काय, बोट सरकवलं की झालं. आम्ही बासरीवाले. माझी बासरी आजोबांची, काळ्या लाकडाची, सहा भोकांची. तिच्यात डी आणि जी सुरेख वाजतात. ए पट्टीत मात्र एक सूर असा लागतो की त्याचं भोकच तिला नाही. अर्धं बोट उचलून तो काढावा लागतो, आणि मी काढला की आमचं कुत्रं उठून बाहेर जातं. त्यामुळे दर रविवारी दुपारी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मंडळी वाजवायला जमली की त्या विचारायच्या, "ए ना?" सगळे म्हणायचे, "ए." मग माझ्याकडे न बघता, "टाल्टी, चहा ठेव."

बावीस वर्षं मी चहा ठेवला. बासरी मात्र तीन तुकडे करून कोटाच्या आतल्या खिशात असायचीच. चुकून कुणी 'जी' म्हटलंच तर हाताशी असावी.

तर ग्रामोफोन. शनिवारी सकाळी डिम्पना बाजारात गेल्यावर मी तो जेवणाच्या टेबलावर मांडला आणि उघडला. आत गवत होतं, पिसं होती आणि एक अंडं होतं, ज्याच्या वयाबद्दल न बोललेलं बरं. सगळे भाग सुटे केले, पुसले, शिवणयंत्राचं तेल घातलं आणि पुन्हा बसवले. तीन वस्तू उरल्या. त्या मी साखरेच्या डब्यामागे ठेवल्या.

आणि यंत्र फिरलं. पहिल्या झटक्यात फिरलं. मी आयुष्यात दुरुस्त केलेली ही पहिली वस्तू, त्यामुळे मी खुर्चीवर बसून घेतलं. मग वेग लावायचा होता. तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा फिरायला हवी, हे तिच्यावरच छापलेलं असतं. मी काउंटी कौन्सिलच्या रस्ते खात्यात कारकून आहे, एकवीस वर्षं खड्डे मोजतोय. मोजणं हा माझा एकमेव गुण. कागदाचा कपटा चिकटवला, घड्याळ समोर ठेवलं आणि वेगाचा स्क्रू फिरवत फिरवत बरोबर अठ्ठ्याहत्तरवर आणला.

तबकडी एकच होती, डिम्पनानं तिच्या आईच्या गादीखालून हळूच काढून आणलेली. सासूबाईंचे मर्टीकाका अमेरिकेत गेले, तिथे एकोणीसशे एकतीस साली त्यांनी फिडलवर 'मोजे' वाजवून ही तबकडी काढली आणि घरी पाठवली. हाच मॅरिननांचा पुरावा. 'मर्टीकाका सातासमुद्रापार गेले पण ए सोडली नाही,' हे वाक्य मी प्रत्येक नाताळात ऐकलेलं आहे. ग्रामोफोन बंद पडल्यापासून चाळीस वर्षांत पुरावा मात्र कुणी ऐकला नव्हता.

मी सुई ठेवली. मर्टीकाका वाजवायला लागले. मी ऐकलं. मग कान खाजवून पुन्हा ऐकलं. मग खिशातून बासरी काढली, जोडली आणि लावून बघितली.

जी. स्वच्छ, ठणठणीत जी.

काय सांगू तुम्हाला. मी एकटा स्वयंपाकघरात उभा राहून मर्टी मॅरिननबरोबर 'मोजे' वाजवत होतो, प्रत्येक सुराला माझ्याकडे भोक होतं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिसऱ्या खेपेला डिम्पना पिशव्या घेऊन दारात उभी.

"हे काय चाललंय?"

"मोजे."

"ते कळतंय. कुठल्या पट्टीत?"

"मर्टीकाकांना विचार," मी म्हणालो. असं वाक्य माणसाला जन्मात एकदाच बोलायला मिळतं.

तिनं पिशव्या खाली ठेवल्या, पूर्ण तबकडी ऐकली आणि खुर्चीत बसली. "म्हणजे आजोबांचा ग्रामोफोन जोरात पळायचा?"

"पळायचा. म्हणून सूर चढायचा. तुमची ए ही पट्टी नाही, डिम्पना, तो बिघाड आहे."

"फिरव."

"काय फिरव?"

"तो स्क्रू. होता तिथे फिरव." तिचा आवाज बारीक झाला होता. "उद्या ती डब्लिनची बाई येणार आहे ध्वनिमुद्रण करायला. आई महिनाभर सराव करतेय. आणि तिच्या वाढदिवसाला, तीस माणसांसमोर, तू तिला सांगणार की तिच्या बापानं तिला एका बिघडलेल्या यंत्राची चाल शिकवली? तुझं नाक वर झालं की पुरे, होय ना?"

मी खूप विचार केला. जवळजवळ एक मिनिट. मग स्क्रू फिरवला. (मला मोठेपणा देऊ नका. घरात जेवण डिम्पना करते.) थोडा जास्तच फिरला असावा. साखरेच्या डब्यामागच्या तीन वस्तूंपैकी एक बहुधा तो स्क्रू जागेवर आवळून धरण्यासाठी होती.

रविवारी तीन वाजता सासूबाईंच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. हॅम होता, केक होता, काळ्या बिअरच्या बाटल्या होत्या. डब्लिनच्या एका ध्वनिसंग्रहाची मिस डेव्हेनी नावाची बाई यंत्र मांडून, वही उघडून बसली होती. सासूबाईंनी तिला बिशप, ओढा आणि चूल असं सगळं सविस्तर ऐकवलं. बाईनं नम्रपणे लिहून घेतलं आणि म्हणाली, "हा बिशप मला आत्तापर्यंत सात गावांत भिजलेला सापडलाय."

"बाकीचे सहा खोटे," सासूबाई म्हणाल्या.

मग डिम्पनानं वरची चादर काढली आणि ग्रामोफोन दाखवला. सासूबाई बघतच राहिल्या. त्यांनी पेटीवरून हात फिरवला. "कुणी केला?" "मॅलकीनं, आई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता म्हणतील, आता म्हणतील, असं मला वाटलं.

"टाल्टी," त्या म्हणाल्या, "लाव."

मी सुई ठेवली. आणि मर्टीकाका सुटले. जी नाही, ए नाही, कुठल्याच पट्टीत न बसणाऱ्या उंचीवर ते किंचाळत निघाले. बिशप ओढ्यात पडला नव्हता, मागे बैल लागल्यासारखा पळत होता. मिस डेव्हेनीनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. डिम्पनानं डोळे मिटले. मी दाराकडे बघितलं, पण दारात माणसं होती.

सासूबाई उठल्या. केकची सुरी घेतली, टेबलाला वळसा घालून आल्या, न बघता तिचं टोक पेटीच्या कडेच्या फटीत घातलं आणि वळवलं. मर्टीकाका खाली उतरले. ए आली. वाचलो, असं मला वाटलं. पण सुरी थांबली नाही. आणखी थोडी वळली, आणि जी आली, आणि तिथे त्यांनी अंगठा दाबून धरला.

मॅरिननांच्या घरात, मॅरिननांच्या ग्रामोफोनवर, मर्टी मॅरिनन जीमध्ये वाजवत होते.

"आई," डिम्पना कशीबशी म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"माहीत काय होतं? मीच फिरवायचे. आठ वर्षांची होते. बाबांची बोटं जाड, फटीत जायची नाहीत." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "आम्ही तबकडी लावली की तुझा आजोबा बासरी घेऊन गडग्यावर येऊन बसायचा आणि बरोबर वाजवायचा. रोज. चांगला वाजवत असता तर आमची काही तक्रार नव्हती. शेवटी बाबा म्हणाले, नोनी, त्याच्या बासरीला जमणार नाही तिथे नेऊन ठेव. मी ए-वर नेऊन ठेवलं. चार दिवस खटपट करून गेला घरी. मग गाव आमच्याकडे ऐकायला यायचं ते ए-च ऐकायचं, आम्हीही तेच वाजवायला लागलो."

म्हणजे बघा. दोन घरांचं वैर, बावीस वर्षांचा चहा, आणि सगळ्याचं मूळ माझ्या आजोबांना हाकलणं. मला राग यायला हवा होता. पण त्याआधीच मला हसू फुटलं, आणि मग खोलीतल्या तीसही माणसांना फुटलं.

मिस डेव्हेनीनं हात वर केला. "टाल्टींपैकी आता कुणी बासरी वाजवतं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईही. "आहे एक," त्या म्हणाल्या. "वाजवतो असं म्हणवत नाही." मग त्यांनी फिडल उचलून मांडीवर ठेवली. "ऐंशीची झाले. आता किती दिवस गडगा राखत बसू? जी. घे."

माझी बासरी कोटाच्या आतल्या खिशात होती. तिचे तीन तुकडे जोडायच्या घाईत एक तुकडा मी उलटाच बसवत होतो. पण पहिली फुंकर लागली आणि मी सुटलो. सासूबाईंची फिडल, डिम्पनाची फिडल आणि माझी बासरी. तीन वेळा वाजवली, कुणी थांबू देईना म्हणून चौथ्यांदा वाजवली. म्हातारे टाचा आपटत होते, टेबलावरच्या बाटल्या नाचत होत्या, आणि गडग्यावर बसलेला माझा आजोबा मला इतका स्पष्ट दिसत होता की मी शेवटचा सूर त्याच्यासाठी लांबवला. थांबल्यावर जी टाळी पडली ती ओढ्यापलीकडे गेली असेल. मिस डेव्हेनीनं वहीत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, 'पट्टी जी. मॅरिनन आणि टाल्टी यांच्याकडून.' मी तिला दोनदा वाचायला लावलं.

तो आठवडा मी ऑफिसात तरंगतच होतो. एका खड्ड्याची तर दोनदा नोंद केली. डिम्पना रोज संध्याकाळी आईकडे फिडल घेऊन जात होती, दोघी दार लावून काहीतरी बसवत होत्या. माझ्यासाठी नवीन काही असणार, असं मी समजलो.

पुढच्या रविवारी मी गडगा ओलांडला तो बासरी हातात घेऊन, सर्वांना दिसेल अशी. सासूबाई दारातच उभ्या होत्या. माझ्याकडे बघून चक्क हसल्या. "ये, मॅलकी," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांनी. मी आत जाऊन खुर्चीत बसलो, मिशा पुसल्या, बासरी ओठांना लावली. सासूबाईंनी फिडल हनुवटीखाली घेतली आणि डिम्पनाकडे पाहिलं.

"बी-फ्लॅट ना?"

"बी-फ्लॅट," डिम्पना म्हणाली, माझी नजर चुकवून. (त्या पट्टीतल्या निम्म्या सुरांना माझ्या बासरीत भोकच नाही.)

"मॅलकी," सासूबाई फार मायेनं म्हणाल्या, "चहा ठेव."

त्यांची किटली शिट्टी मारते ती अगदी स्वच्छ जीमध्ये. गेले तीन रविवार मी तिला साथ करतोय.