सोमवारी औत बंद

डिंगोऱ्यात आमच्या समोरच्या घरात शेवंतामावशी राहतात. सोमवारी सकाळी तुम्ही त्यांच्याकडे चहाच्या आशेने गेलात, तर मावशी ओट्यावर पाय पसरून बसलेल्या दिसतील आणि चहाऐवजी दोनच शब्द मिळतील, "औत बंद!"

त्याचं असं झालं. आमच्याकडे सोमवारी बैलांना औताला जुंपत नाहीत, तो त्यांचा विसाव्याचा वार. मावशींचे यजमान नामदेवनाना हा नियम कसोशीने पाळायचे. मग दारात ट्रॅक्टर आला आणि बैलजोडी बेल्ह्याच्या बाजारात गेली. त्या संध्याकाळी सगळं घर हळहळत होतं. मावशी मात्र विचारात पडल्या होत्या. "बैलं गेली," त्या म्हणाल्या, "पण त्यांचा सोमवार हितंच ऱ्हायला की. तो आता माझा."

नानांना वाटलं, बाई दुःखाच्या भरात बोलतेय. पुढच्या सोमवारी चूल थंड पाहिल्यावर उलगडा झाला.

पहिले काही सोमवार घराने फरसाण आणि केळ्यांवर काढले. मग नाना पिठलं शिकले. ते वाढायला उलथनं लागायचं, पण मावशी नावं न ठेवता खायच्या. पाहुण्यांनाही सवलत नसे. "पावणं, च्याचा डबा फळीवर हाये. टाकालच तर मला बी घोटभर टाका." एकदा नानांच्या धाकट्या भावाने सुनावलं, "बाईमाणसाला कसली सुट्टी, वहिनी? घरीच तर असता." मावशी शांतपणे म्हणाल्या, "बैल बी घरीच असायचा, भाऊजी." भाऊजींनी लगेच पावसापाण्याचा विषय काढला.

गाव हसलं. आम्ही बायका तर पदर तोंडाला लावून हसलो आणि मनातून चांगल्या जळलो.

पण सुट्टीत मावशी करायच्या काय? काहीच नाही, हीच तर पंचाईत होती. बाकीच्या जणी कुणी कांद्याच्या खुरपणीला, कुणी भाकऱ्या थापायला. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला हाक मारायच्या, "ये गं, बस जरा." उत्तर ठरलेलं, "आले असते, पण काम पडलंय." दुपारपर्यंत त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

मुलाच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी मानपानाचा शब्द काढला नाही. "सोमवारची सुट्टी सुनेला बी," एवढंच बोलल्या. सून आली, सोनाली. तिच्या पहिल्या सोमवारी मावशी ओट्यावर दोन गोधड्या अंथरून वाट बघत बसल्या. पण पोरगी पहाटेच उठून झाडलोट, धुणं, भाकऱ्या उरकून आता अंगणातल्या मोरीत भांड्यांना बसली होती. "नको आत्या. लोक म्हणतील, नवी सून बसून ऱ्हाती."

मावशींनी आग्रह केला नाही. एक गोधडी घडी करून बाजूला ठेवली. मी समोर कपडे वाळत घालत होते, मला ते बघवेना.

तेवढ्यात नाना मोरीपाशी आले आणि त्यांनी सोनालीच्या हातातली घासणी घेतली. "पोरी, भांडी मी बघतो. तू तिच्यापाशी जा."

"पण मामा, लोक..."

"लोकांचं सोड. दर सोमवारी एकटीच असती गं ती. मी जाऊन बसलो की तिला वाटतं, ह्याला भूक लागली."

सोनाली गेली आणि ओट्याच्या कडेला टेकली. मावशींनी घडी केलेली गोधडी पुन्हा अंथरली.

"अशी काय पावणीवानी बसतीस? टेक की भिताडाला."

पहाटेपासून राबलेली पोर भिंतीला टेकली आणि बघता बघता मावशींच्या खांद्यावर मान टाकून झोपली. मावशी जराही हलल्या नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या अंगाची रिकामी जागा हलकेच थोपटली.

माझ्या बादलीत अजून निम्मे कपडे होते. ते तसेच टाकून मी रस्ता ओलांडला.