पाहुण्यांची दुसरी बेल

दूध उतू जाणं हा काही गुन्हा नाही. पण साईनाथ पेडणेकरांचं दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळं पडलं आणि धूर जिन्यापर्यंत आला, तेव्हा ते स्वतः दोन गल्ल्या पलीकडे नाटकाच्या तालमीत उभे राहून चहा या विषयावर संवाद म्हणत होते. शेजारच्या रंगूबाईंनी ही बातमी साईनाथरावांच्या मुलीला, विनिताला, ठाण्याला फोन करून कळवली. बातमी ठाण्याला पोचेपर्यंत धूर गच्चीवर गेला होता.

विनिता संध्याकाळीच कोपरला आली आणि पातेल्यासमोर उभी राहिली.

"बाबा, पुरे झालं आता. ठाण्याला चला."

"पातेलं जुनंच होतं गं."

"पातेल्याचं नाही बोलत मी. मागच्या महिन्यात तुम्ही एकाच दिवशी दोनदा केस कापायला गेलेलात. सलूनवाल्याने सांगितलं मला."

"दुसऱ्या वेळीही त्याने कापलेच की. त्यालाही नाही आठवलं. आणि तो तिशीतला आहे."

ठाण्याला विनिताकडे साईनाथरावांसाठी वेगळी खोली होती, खिडकीतून खाडी दिसायची, लिफ्ट कधी बंद पडायची नाही. फक्त ज्याच्याशी भांडावं असं तिथे कुणी नव्हतं. इथे अख्खा ज्येष्ठ नागरिक संघ होता.

"गुरुवारी आमचा प्रयोग आहे," साईनाथराव म्हणाले. "तू ये. माझं एक वाक्य जरी चुकलं, तरी त्याच संध्याकाळी तुझ्या गाडीत बसतो. नाही चुकलं, तर हा विषय बंद."

"प्रॉम्प्टर असेल ना?"

"महेंद्र आहे. पण तो आम्हाला ऐकू येत नाही."

विनिताने अट मान्य केली. तिने रजेचा अर्ज टाकला आणि पातेलं भंगारात टाकलं.

'पाहुणे निघाले' हे नाटक कांताबाई करंदीकरांनी लिहिलं होतं आणि त्याच ते बसवत होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका असल्यामुळे त्यांना कुणी अडवलं नव्हतं. नाटकात आजारपण नाही, मृत्युपत्र नाही, परदेशातला मुलगा नाही. प्रेक्षकांना ते घरी मिळतं, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट साधी होती. नवराबायको निवांत बसलेले असतात, एक पाहुणा येतो आणि जाता जात नाही. तीन छोटे अंक, मध्ये नुसता अंधार. मध्यंतर दिलं की अर्धे प्रेक्षक बाथरूमला जातात आणि परत येऊन दुसऱ्याच्या खुर्चीत बसतात, हा अनुभव होता.

कांताबाईंना स्वतःचं एक वाक्य फार आवडलं होतं. "चहा टाकू का थोडा?" हे वाक्य बायको तिन्ही अंकांत म्हणायची आणि नवरा प्रत्येक वेळी वेगळं उत्तर द्यायचा. पहिल्या अंकात, "टाक. कुणी यायच्या आत पिऊन घेऊ." की लगेच बेल आणि पाहुणा हजर. दुसऱ्या अंकात, "नको, तो पुन्हा बसेल." आणि शेवटी, पाहुणा गेल्यावर, "टाक. आता आपल्या दोघांचाच." की पडदा.

एकाच प्रश्नाला तीन उत्तरं म्हणजे नवऱ्याचं काम करणाऱ्या साईनाथरावांच्या मानेवर सुरीच होती. त्यांनी त्यावर उपाय काढला. पहिल्या अंकात हातात पेपर, दुसऱ्यात अडकित्ता, तिसऱ्यात हात रिकामे. प्रश्न आला की हाताकडे बघायचं आणि उत्तर द्यायचं. तालमीत हे एकदाही चुकलं नाही.

पाहुण्याचं काम धोंडीबा शिंगोट्यांकडे होतं. रिकाम्या बशीतून खाल्ल्यासारखं केलं की आपल्याला अभिनय येत नाही, असं सांगून त्यांनी खरा शिरा मागून घेतला होता. त्यांना मधुमेह होता. त्यांची बायको शेवंती गुडघ्यांमुळे घरीच असायची, आणि नाटकातल्या शिऱ्यात साखर नसते, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं.

गुरुवारी चार वाजता संघाचं सभागृह भरलं. दुसऱ्या रांगेत विनिता आणि तिच्या शेजारी रंगूबाई. विंगेत महेंद्र अहिरे एकटेच प्रॉम्प्टिंग, बेल आणि पडदा बघत होते. रेल्वेत सिग्नलच्या कामात त्यांचं आयुष्य गेलेलं. खूण मिळाली की हात हलायचा, डोक्याला विचारायला जायचा नाही.

पहिला अंक पेपरवर पार पडला, दुसरा अडकित्त्यावर. विनिता पुढे सरकून बसली होती. तिसऱ्या अंकात पाहुणा एकदाचा उठला, पिशवी घेऊन बाहेर पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोचं काम करणाऱ्या सुमतीबाई समाधानाने हसल्या. साईनाथराव खुर्चीत बसायला गेले, तर धोंडीबा पेपर चाळून तो खुर्चीतच टाकून गेलेले. पेपरवर कसं बसणार? साईनाथरावांनी तो उचलून हातात घेतला.

"चहा टाकू का थोडा?" सुमतीबाईंनी विचारलं.

साईनाथरावांनी हाताकडे पाहिलं.

"टाक. कुणी यायच्या आत पिऊन घेऊ."

महेंद्रचा उजवा हात पडद्याच्या दोरीवर होता. डाव्या हाताने बेल दाबली.

आत धोंडीबांनी अर्धी मिशी सोडवली होती. बेल ऐकून ते थबकले. पण कांताबाई रोज काहीतरी बदलायच्या. शेवटही बदलला असेल. ते उठले, पिशवी काखोटीला मारली आणि अर्ध्या मिशीनिशी रंगमंचावर आले.

"काय वहिनी, ओळखलंत का?" हे त्यांचं पहिल्या अंकातलं पहिलं वाक्य.

"ओळखलं. आत्ता तर गेलात तुम्ही," सुमतीबाई म्हणाल्या. हे कुठल्याच अंकात नव्हतं.

"म्हटलं, जाता जाता डोकावून जावं." हे मात्र होतं.

सभागृहात हशा पिकला. तिथून सुमतीबाईंनी पाहुण्याला घालवायचे मनापासून प्रयत्न सुरू केले. पण नाटकच असं होतं की पाहुण्याला जा म्हणायचं आणि त्याने ते समजून घ्यायचं नाही.

"तुम्हाला उशीर होत असेल ना?"

"छे, मला कसली घाई."

"अहो, घरी वाट बघत असतील."

"बघू दे की. सवय आहे तिला."

"आमचं संपलं हो सगळं," सुमतीबाई दात-ओठ खात म्हणाल्या.

"मग नुसता शिरा चालेल."

शिरा आला. विंगेतून कांताबाई हातवारे करून धोंडीबांना आत बोलवत होत्या. धोंडीबांनी चष्मा काढलेला होता. त्यांनीही प्रेमाने हात केला आणि दुसरा घास घेतला.

विनिताच्या कपाळावर आठी पडली. तिने हळूच रंगूबाईंना विचारलं, "मावशी, हे मगाशी झालं ना?"

रंगूबाईंना अगदी हाच प्रश्न पडला होता. पण गेल्याच आठवड्यात मुलाने त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं आणि डॉक्टरांनी आज वार कोणता म्हणून विचारलं होतं. तेव्हापासून त्या कुठल्याही प्रश्नाला पटकन उत्तर देत.

"नाही गं. आत्ताच तर आले पाहुणे."

मागच्या रांगेत एका आजोबांनी बायकोला तेच विचारलं.

"तुम्ही गप बघा," ती म्हणाली आणि स्वतः घाबरून पर्समधली गोळी घेतली का ते बघू लागली. पहिल्या रांगेतले अध्यक्ष पहिल्या अंकात झोपले होते. या बेलने ते जागे झाले आणि फारसं काही चुकलेलं नाही, याचा त्यांना आनंद झाला. अख्ख्या सभागृहात प्रत्येकाला एकच शंका होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, ती आपल्या एकट्यालाच आहे.

एव्हाना साईनाथरावांना कळलं होतं. त्यांनी हातातल्या पेपरकडे पाहिलं, मग दुसऱ्या रांगेकडे. विनिता त्यांच्याकडेच बघत होती. त्यांना ठाण्याची खाडी दिसली.

ते उठले. धोंडीबांच्या हातातली बशी काढून घेतली आणि त्यांना दंडाला धरून उभं केलं.

"चला, तुम्हाला कोपर स्टेशनपर्यंत सोडतो."

"हे कुठाय आपल्यात?" धोंडीबा कुजबुजले.

"गाडीची वेळ झाली. आणि हा पेपरही घेऊन जा. वाटेत वाचायला होईल."

साईनाथरावांनी धोंडीबांना पेपरसकट विंगेत ढकललं, परत येऊन खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांड्यांवर उताणे ठेवले. सुमतीबाई पुन्हा त्यांच्याकडे वळल्या.

"चहा टाकू का थोडा?"

महेंद्रचा एक हात दोरीवर, दुसरा बेलवर. साईनाथराव आपल्या रिकाम्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले.

"टाक. आता आपल्या दोघांचाच."

पडदा पडला. टाळ्या थांबेनात.

आत कांताबाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "काहीही झालेलं नाही. कुणी विचारलं, तर पाहुणे एकदाच आले. कळलं?"

"माझ्या पोटाला तर कळतंय," धोंडीबा म्हणाले.

विनिता आत आली ती जरा पांढरी पडूनच. "सुमतीकाकू, पाहुणे दोनदा आले का हो?"

सुमतीबाईंनी कांताबाईंकडे पाहिलं. "नाही बाळा. एकदाच."

"महेंद्रकाका, बेल दोनदा वाजली ना?"

"बेल एकदाच असते, ताई," महेंद्र म्हणाले. ते असते म्हणाले, वाजली म्हणाले नाहीत. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

वडिलांना तिने विचारलंच नाही. घरी सोडताना ती एक वळण चुकली, आणि मग तेच पुन्हा चुकली. दाराशी गाडी थांबवून म्हणाली, "बाबा, एक वाक्य चुकलं नाही तुमचं. ठाण्याचं राहू दे."

साईनाथराव गाडीतून उतरले. खरं काय ते सकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं.

सकाळी त्यांना आठवलं आणि त्यांनी लगेच फोन लावला.

"विनू, एक सांगायचं राहिलं काल. पाहुणे एकदाच यायचे असतात. दुसऱ्यांदा माझ्या चुकीमुळे आले."

"बाबा, हे तुम्ही मगाशीच सांगितलंत की."

साईनाथराव खाली बसले. "मगाशी?"

"हो. याच्या आधीच्या फोनवर."

त्यांनी सकाळ आठवून पाहिली. आंघोळ सापडली, पेपर सापडला, फोन काही सापडेना.

"असेल," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"नव्हता केलात फोन, बाबा." विनिताच्या आवाजात हसू होतं, पण फार नव्हतं. "मला शेवंतीकाकूंनी सांगितलं. काकांची सकाळची साखर बघून त्या म्हणाल्या, बिनसाखरेच्या शिऱ्याने एवढी कशी वाढली? तेव्हा काकांनी दोन शिरे कबूल केले."

"मग मला कशाला असं—"

"काल तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं तेच केलंत. झोपताना गॅस बंद आहे का बघून आले, परत उठून बघितला, परत बघितला. तुम्हाला रोज असं वाटतं का हो?"

"रोज नाही. ज्या दिवशी आठवतं त्या दिवशी."



"अट मी हरलो," साईनाथराव म्हणाले. "बॅग भरतो."

"पेपर देऊन पाहुण्याला घालवलंत, ते कांताबाईंनी लिहिलेलं होतं?"

"नाही. ते माझं."

"मग राहू द्या बॅग. आत्ता तरी. रविवारी मी येते तिकडे, गॅसचं काय करायचं ते बसून बघू. चहा टाकाल ना थोडा?"

साईनाथरावांनी हाताकडे पाहिलं. एका हातात फोन होता, दुसरा रिकामा.

"टाकतो. आता आपल्या दोघांचाच."

फोन ठेवून ते उठले, नव्या पातेल्यात दोघांपुरतं दूध काढून गॅसवर ठेवलं आणि या वेळी तिथून हलले नाहीत. विनिता रविवारी येणार होती. तो शुक्रवार होता.