सांबर खोटं बोलत नाही

गावाच्या दोन पिढ्यांना बे एके बेपासून त्रैराशिकापर्यंत नेऊन सोडलेल्या माणसाला कॉम्प्युटरवरचा एक गेम शिकायला किती वेळ लागेल? "आठवडा!" असं वामनराव गुरुजींनी चहाच्या टपरीवर सर्वांसमक्ष सांगून टाकलं. तेही नुसता खेळायला नव्हे, बनवायला.

टपरीवर कुणी हसलं नाही. तिथले निम्मे लोक गुरुजींचे विद्यार्थी होते. गुरुजींनी आयुष्यात कुणाला छडी मारली नव्हती. ते फक्त चुकलेलं गणित पुन्हा समजावून सांगत, आणि ते टाळण्यासाठी माणूस काहीही कबूल करायला तयार होई.

आता गुरुजी या भानगडीत पडले कसे, ते सांगायला हवं. बोरडोह हे मोहर्लीच्या रस्त्यावरचं, जंगलाला पाठ टेकून बसलेलं गाव. गावात बुद्धविहार, विहाराला लागून अभ्यासिका आणि अभ्यासिकेत एकुलता एक कॉम्प्युटर. पोलीसभरतीची तयारी करणाऱ्यांसाठी विहार समितीने तो घेतला होता. पण भरतीवाले पहाटे रस्त्यावर धावायचे आणि दिवसभर झोपायचे. त्यामुळे कॉम्प्युटरवर नववीतल्या तिघांनी बस्तान बसवलं. संघप्रिया कोड लिहायची, कुलदीप चित्रं काढायचा आणि रिनाकडे आवाजाचं खातं होतं. तिघांनी मिळून गेम बनवणारी टीम काढली होती. टीमचं नाव ठरवण्यात पहिला महिना गेला, आणि नाव अजून ठरायचंच होतं.

ही बातमी समितीचे अध्यक्ष बापूराव यांच्यापर्यंत पोचली ती अर्धीच. ते गुरुजींच्या दारात येऊन उभे राहिले. "गुरुजी, पोट्टे गेम खेळून राह्यले म्हणे आपल्या कॉम्प्युटरवर. मी कुलूप लावून टाकतो."

"खेळून नाई राह्यले, बापूराव. बनवून राह्यले. जिलेबी खाणारा वेगळा अन् तळणारा वेगळा."

"तळणारा एखादी तोंडात टाकतेच ना?"

मग असं ठरलं की, येत्या रविवारी समितीने बसून गेम पाहायचा. पसंत पडला तर पोरांचा कॉम्प्युटर पोरांकडे. नाही पडला तर खोलीला कुलूप, किल्ली बापूरावांच्या खिशात आणि टीमचा विषय संपला.

गुरुजी त्याच संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन बसले. मदत करायला म्हणून गेले, पण खरं सांगायचं तर त्यांना राहवत नव्हतं. पडद्यावर डोक्यावर टोपली घेतलेली एक मुलगी उभी होती. संघप्रियाने कळ दाबली आणि मुलगी चालायला लागली. ती मोहाच्या झाडातून आरपार गेली, नाल्यावरून अधांतरी गेली आणि पडद्याच्या कडेवरून दिसेनाशी झाली.

"गेली पार सिरोंच्याले," कुलदीप म्हणाला.

"पण काऊन गेली?" गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली.

संघप्रियाने सांगितलं की, तिला 'चाल' एवढंच सांगितलंय, 'थांब' सांगायचं राहिलंय. गुरुजी थक्क झाले. त्यांना आयुष्यभर 'थांब' सांगितलं तरी न थांबणारे विद्यार्थी मिळाले होते. सांगितलं नाही म्हणून न थांबणारी ही पहिलीच. मग त्यांच्या प्रश्नांना जो पूर आला तो आठवडाभर ओसरला नाही. झाडाला कसं कळतं की मुलगी आली? फूल टोपलीत पडलं हे मोजतं कोण? मुलगी उलटी चालली तर फुलं परत झाडाला लागतात का? पोरांना आधी कंटाळा आला. मग तिसऱ्या प्रश्नावर संघप्रिया थबकली, तिने करून पाहिलं, आणि खरंच फुलं परत झाडाला लागत होती. त्या दिवसापासून गुरुजी टीममध्ये.

गेम असा होता : मोहफुलं वेचायची, टोपली भरायची, घरी यायचं. आणि वाघ. बोरडोहच्या पोरांनी केलेल्या गेममध्ये वाघ नाही असं कसं चालेल? पण कुलदीपचा वाघ काही केल्या वाघ होईना. पट्टे मारलेला गोऱ्हा होई. रिना म्हणाली की, याला पाहून माणूस पळणार नाही, कडबा टाकेल.

कुलदीप रडकुंडीला आला तेव्हा गुरुजींनी हळूच विचारलं, "तू इतक्यांदा जंगलात गेला. वाघ कितीदा दिसला?"

"एकदा बी नाई."

"मंग कळते कसं, तो आहे म्हणून?"

तिघं एकमेकांकडे पाहू लागली. कळतं ते सांबराच्या ओरडण्यावरून! माकड उगाच किंचाळतं, चितळ पानाच्या आवाजालाही दचकतं, पण सांबराने 'ढाँऽक' केलं म्हणजे वाघ आहे. सांबर खोटं बोलत नाही, हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. झालं, गेममधून वाघ गेला आणि त्याच्या जागी त्याची चाहूल आली. मोह वेचायला गावात कुणी एकटं जात नाही. तोच गेमचा नियम केला. सोबतिणींच्या घोळक्यात राहिलात तर सगळं ठीक. एक फूल, अजून एक फूल करत घोळका सोडून लांब गेलात की सांबर ओरडणार. ऐकून परत फिरलात तर वाचलात. नाही फिरलात तर डाव संपला.

आवाज कुलदीपने इंटरनेटवरून आणला होता. तो ऐकून रिना म्हणाली, "हे आपलं सांबर नाई. हे सर्दी झालेलं फॉरेनचं जनावर आहे."

"खरं तेच घ्यायचं," गुरुजींनी निकाल दिला.

रिनाचा मोठा भाऊ विक्की सफारीच्या जिप्सीवर गाईड. त्याच्या मोबाईलमध्ये तळ्याकाठच्या सांबराचा आवाज होता, मागे वाघ निघाला होता त्या दिवसाचा. रिनाने तो गेममध्ये घातला. पहिल्यांदा वाजला तेव्हा गुरुजींनी पाय खुर्चीवर घेतले. गेम तयार झाला.

एकच गोष्ट जमली नाही. गुरुजींना पहिली पायरी काही ओलांडता येईना. ते प्रत्येक फूल वाकून वेचत आणि घोळका पुढे निघून जाई. ढाँऽक! डाव संपला. पोरं तोंडावर हात धरून बसत. गुरुजी म्हणत, "ह्या वेळी कुठी चुकलं ते समजलं मले," आणि पुन्हा तिथेच चुकत.

रविवार आला. दुपार कलताना समिती जमली. बापूराव आले, दोन सभासद आले आणि सर्वांत वडील ठमाबाई आल्या. ठमाबाईंना ऐकू कमी येई. म्हणून गुरुजींनी आधीच एक सोय करून ठेवली होती. सकाळच्या वंदनेचा ॲम्प्लिफायर अभ्यासिकेच्या कपाटातच असे. त्याला कॉम्प्युटर जोडला, खोलीतला स्पीकर सुरू केला. आवाज खणखणीत आला. गुरुजी खूश झाले.

वाचकहो, त्या ॲम्प्लिफायरला दोन बटणं होती. एक खोलीतल्या स्पीकरचं. दुसरं विहाराच्या छतावरच्या भोंग्याचं, आणि ते सकाळच्या वंदनेपासून सुरूच होतं. भोंग्याचं तोंड जंगलाकडे होतं.

संघप्रियाने गेम समजावून सांगितला. काही सांगायचं राहिलं नाही. बापूरावांनी हाताची घडी सोडली नाही. सगळं ऐकून ते म्हणाले, "पाहू, सरक," आणि स्वतः खुर्चीत बसले. बसले ते थेट जंगलात घुसले. घोळका मागे राहिला. टोपली भरत चालली. ढाँऽक! ढाँऽक!

"हे मोजत नाई," बापूराव म्हणाले. "मी तयार नव्हतो." पुन्हा ढाँऽक!

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. त्यांची बायको वच्छलाबाई घराच्या गच्चीवरून बोलत होती. "बाहेर निंघू नका! विहाराच्या मागं सांबर ओरडून राह्यलं. दार लावून घ्या."

गुरुजींनी दार लावलं, कडी घातली. कुलदीप खिडकीला लागला. मागच्या रस्त्यावर एक जिप्सी थांबली होती, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे रांग. गाईड तोंडावर बोट ठेवून पर्यटकांना गप्प करत होते. सर्वांत पुढे विक्की उभा, हात कानामागे. गावातली माणसं गच्च्यांवर चढली होती, पोरं काठ्या घेऊन चौकात जमली होती. वनरक्षकही येऊन पोचला होता. आता इतक्या लोकांना ऐकू आलंय म्हटल्यावर शंका कुणी घ्यायची? आम्हाला कसं ऐकू आलं नाही, असं रिना पुटपुटली. ठमाबाई म्हणाल्या, "मले तं तसंही येत नाई."

सगळे अडकले. पोरं घाबरतील म्हणून गुरुजींनीच सुचवलं की, बसल्या बसल्या खेळत राहू. मग पाळी लागली. एक सभासद बसला : ढाँऽक. दुसरा बसला : ढाँऽक. गुरुजी बसले : ढाँऽक, ढाँऽक, ढाँऽक. दर डावाला वच्छलाबाईंचा फोन. ओरडणं वाढून राह्यलं. एक नाई, दोन वाघ असतील. पिल्लं बी असतील. वनरक्षकानं चंद्रपूरहून आणखी माणसं बोलावली.

बापूरावांनी कपाळ पुसलं आणि ते म्हणाले, "मंग आता निंघता तं येत नाई. उठा गुरुजी, माही पाळी आहे."

पण मध्ये ठमाबाई बसल्या. त्यांनी उभ्या आयुष्यात कॉम्प्युटर हाताळला नव्हता. रिनाने त्यांचं बोट धरून कळांवर ठेवलं. ठमाबाईंनी टोपलीवालीला घोळक्याच्या मधोमध नेलं आणि तिथेच ठेवलं. मिळतील ती फुलं घेतली, न मिळतील ती सोडली. कुलदीपने लांबचं मोठं झाड दाखवलं, तर म्हणाल्या, "तिथी कोन बोलाले राहीन माह्यासंगं?" सांबर एकदाही ओरडलं नाही. टोपली भरली, मुलगी घरी आली, पडद्यावर फुलं उधळली.

फोन वाजला. वच्छलाबाई म्हणाल्या, "शांत झालं. गेला वाटते. जिप्स्या निंघून राह्यल्या."

"माही पाळी," म्हणत बापूराव खुर्चीत बसले. ढाँऽक!

फोन. "आला, आला! वापस आला!"

गुरुजींनी फोनकडे पाहिलं. बापूरावांकडे पाहिलं. मग सावकाश कपाटाकडे पाहिलं. तिथे दोन लाल दिवे लागले होते. एकच लागायला हवा होता.

संघप्रियाचीही नजर तिथेच खिळली होती. तिचा चेहरा उतरला. दोघांनाही समोर कुलूप दिसत होतं. गुपचूप बटण बंद केलं असतं तर वाघ आपोआप निघून गेला असता, कुणाला काही कळलं नसतं. ती गुरुजींच्या कानाशी येऊन म्हणाली, "गुरुजी, सांगायचं काय?"

आता काय म्हणणार? चुकलं तर सगळ्यांसमोर खोडायचं, मग पुन्हा मांडायचं, असं त्यांनी तिच्या बापालाही शिकवलं होतं. गुरुजी उठले, दुसरं बटण बंद केलं आणि घसा साफ करून म्हणाले, "बापूराव, बाहेर वाघ नाई. भोंगा सुरू आहे. चूक माही आहे, पोट्ट्यांची नाई."

बापूरावांनी पडद्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"म्हंजे इतक्या वेळचा वाघ मीच होतो?"

"थोडा मी बी होतो," गुरुजी म्हणाले.

दार उघडून सगळे बाहेर गेले. गुरुजींनी चौकात उभं राहून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि ते अगदी समजावून सांगितलं. त्यामुळे लोक अर्ध्यातच पांगले. वनरक्षक मात्र थांबला. तो चिडला नाही, पण हसलाही नाही. उद्या खरंच सांबर ओरडलं आणि लोक भोंगा समजून घरात बसले नाहीत तर काय, एवढंच त्याने विचारलं. पोरांच्या माना खाली गेल्या. गुरुजींची सर्वांत खाली.

बापूराव परत अभ्यासिकेत आले. "कुलूप आणा," म्हणाले.

कुलदीपने डोळे मिटून घेतले. रिना कॉम्प्युटरसमोर आडवी उभी राहिली. बापूराव तिला वळसा घालून गेले, ॲम्प्लिफायरच्या कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. मग कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी चष्मा पुसला.

"ठमाबाईची टोपली भरते अन् माही भरत नाई, हे काही बरोबर नाई. संघप्रिया, लाव बाई."

टीम वाचली, आणि टीमला नावही मिळालं. कुणी ठरवलं नाही, गावच म्हणायला लागलं : सांबरवाले.

दोन-तीन दिवसांनी गुरुजी अंगणात बसले असताना विक्की आला. इकडचं तिकडचं बोलला. मग सांगू लागला की, रविवारचे पर्यटक जाम खूश होते. त्यांच्या अंगावर काटा आला होता. चौकात काय सांगितलं ते त्यांना कळलंच नाही, आणि त्यालाही सांगवलं नाही. घरी जाऊन त्यांनी वाघ अगदी जवळ होता असं इंटरनेटवर लिहिलं, आणि आता त्यांचे दोस्त येणार आहेत.

"तं मी काय करू?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, किल्ली मी बापूभाऊकडून आणतो. उद्या चारच्या सुमारास एखादा डाव हरान काय?"

गुरुजी ताठ बसले. वनरक्षक काय म्हणाला ते त्यांनी विक्कीला पुन्हा ऐकवलं, सगळंच्या सगळं. किल्लीला हात लावायचा नाही हेही बजावलं. आणि शेवटी म्हणाले, "अन् मी मुद्दाम हरनार नाई. आयुष्यात हरलो नाई."

विक्कीने मान डोलावली. चप्पल पायात सरकवत तो फाटकापर्यंत गेला आणि वळून म्हणाला,

"मुद्दाम कशाले, गुरुजी? तुमी फक्त खेळा."