दोनशे चौदा नंबरची पाई

मी सहा वर्षांचा असताना वडिलांनी मला एका लाल गाईच्या डाव्या कुशीला कान लावायला सांगितलं होतं. आत, लांब टेकडीपलीकडे ढग गडगडावा तसा आवाज आला. मग थोडं शांत. मग पुन्हा गडगड. वडील म्हणाले, "हा आवाज चालू आहे तोवर गाय ठीक आहे. थांबला तर मला हाक मार." आणि ते कामाला गेले. (मी संध्याकाळपर्यंत तिथेच उभा होतो. कुणी काही सांगितलं की करत राहायचं, ही माझी खोड तेव्हापासूनची.)

गाईच्या पोटाबद्दल माझं शिक्षण एवढंच. सत्तर वर्षं ते पुरलं. मग गेल्या नोव्हेंबरात टेसा आली.

टेसा आमच्या काउंटीच्या शेतीखात्यातली. वय पंचवीस, बुटांना चिखल, त्यामुळे मला ती लगेच आवडली. नेब्रास्कात आमच्या वाळूच्या टेकड्यांवर तेव्हा गवत उभं होतं, पण वाळून पुठ्ठा झालेलं. माझ्या गाई मांसाच्या जातीच्या. त्यांनी हिवाळाभर तेच खायचं आणि वसंतात धडधाकट वासरं द्यायची, असा आमचा करार. गाई दिवसभर खात होत्या आणि तरी बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

"काका, गवत गाय पचवत नाही," टेसा म्हणाली. "तिच्या पोटातले जंतू पचवतात. त्या जंतूंना प्रोटीन लागतं. ते उपाशी राहिले, की गवत नुसतं आत पडून राहतं."

"पेंड घालतोय की मी."

"पुरते का?"

"गाई काही बोलल्या नाहीत."

"त्या बोलत नाहीत, त्यांचं शेण बोलतं. ताटांची चवड रचल्यासारखा घट्ट, थरांचा पो पडला, तर प्रोटीन कमी. थाळीत भाजलेल्या भोपळ्याच्या गोड पाईसारखा सैल बसला आणि मध्ये जरासा खळगा पडला, तर झकास. मला फोटो पाठवा, मी सांगते."

आता घोटाळा असा, की भोपळ्याची पाई मी सत्तेचाळीस वर्षं आर्डिथच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातची खातोय, पण नीट पाहिलेली नाही. समोर आली की मी डोळे मिटतो. शुक्रवारी सकाळी कुरणात दोनशे चौदा नंबरच्या गाईमागे उभा राहून मी पुष्कळ विचार केला. पो घट्ट होता, पण चवड म्हणावी इतका नाही. खळगा होता, पण पाईसारखा? शेवटी ठरवलं, अंदाज नको. शेजारी ठेवूनच बघू.

घराच्या पडवीत सहा पाया गार होत होत्या. (एक पाई, अनेक काय, हे मला कुणी शिकवलेलं नाही.)

त्या पायांची हकीकत सांगायला हवी. आमच्या चर्चच्या सुगीच्या जेवणाला भोपळ्याची पाई एकतीस वर्षं वेल्मा झास्ट्रो करत आली. आर्डिथकडे कोबीची कोशिंबीर. एकतीस वर्षं कोशिंबीर! ती कधी कुरकुरली नाही, पण दर वर्षी रिकामं भांडं विसळताना म्हणायची, "कोशिंबीर काय, कुणीही करतं." यंदा वेल्माच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाईचं काम आर्डिथकडे आलं. तिने आधी तीनदा करून पाहिली. त्या तिन्ही खेपा मी एकट्याने संपवल्या, तक्रार नाही. शनिवारी जेवण होतं.

मला वाटलं, नुसतं बघितल्याने पाईचं काय बिघडतं? एक उचलली. आर्डिथचा फोनही उचलला, कारण माझ्या फोनमधून फक्त माणसांचे आवाज येतात.

कुरणात गुडघ्यावर बसून पाई पोशेजारी ठेवली, फोटो काढला, आणि एका बोटाने, हातमोजा दातात धरून, खाली लिहिलं: "डावीकडची आर्डिथची. उजवीकडची दोनशे चौदाची. उजवीकडची जरा घट्ट वाटते. प्रोटीन वाढवू का?" आर्डिथने सकाळी माझ्यासाठी टेसाला निरोप पाठवला होता, तेव्हा टेसाचं नाव सगळ्यांत वर होतं. मी सगळ्यांत वरचं नाव दाबलं.

मधल्या वेळात चर्चच्या बायकांच्या फोनवरच्या गटात कुणीतरी खुर्च्या किती लागतील असं विचारलं होतं, आणि तो गट वर आला होता. एकतीस बायका.

मी फोन खिशात घालून वळलो, तर दोनशे चौदा नंबरची गाय पाईची पत्र्याची थाळी चाटत होती. पाई गेली होती, कडेची पारीसुद्धा. मी म्हटलं, "बाई, निदान विचारायचं तरी." तिने माझ्याकडे पाहून ढेकर दिली.

घरी पोचेपर्यंत खिसा सारखा गुरगुरत होता. आर्डिथ दारातच उभी.

"ओटो, पाच का आहेत?"

मी फोन पुढे केला. (खोटं बोलायला वेग लागतो. तो माझ्याकडे नाही.) तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'आर्डिथ, उजवीकडचीला रंग सुरेख आलाय.' 'गव्हाची पारी का गं?' 'दोनशे चौदा डिग्री फारच कमी, साडेतीनशेवर भाज.' 'पाईत प्रोटीन कशाला घालतेस बाई, अंडी आहेत ना?'"

मग तिचा आवाज बारीक झाला. शेवटचा निरोप शेजारच्या ड्वेनच्या बायकोचा, लोइसचा होता. लोइस गुरांत वाढलेली. तिने लिहिलं होतं: "बायांनो, उजवीकडची पाई नाही."

त्यानंतर कुणी काही लिहिलं नव्हतं.

"आर्डिथ," मी म्हटलं, "गाईला फार आवडली."

ती आत गेली आणि रात्री माझ्या ताटात कोबीची कोशिंबीर वाढली. नुसती कोशिंबीर.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये शंभर माणसं. आर्डिथ निळा ब्लाउज इस्त्री करून, वर पांढरा एप्रन बांधून टेबलामागे उभी. पाच पायांचे चाळीस तुकडे मांडलेले. माणसं येत, तुकड्यांकडे बघत, एकमेकांना कोपराने ढोसत, आणि सफरचंदाच्या पाईकडे सरकत. ड्वेन तर वाकून म्हणाला, "वहिनी, यातली डावीकडची कुठली?" आर्डिथ हसली नाही. ती बशा सारख्या करत होती. आधीच सारख्या असलेल्या बशा पुन्हा सारख्या करत होती. ते माझ्याने बघवेना.

मी उभा राहिलो. त्या हॉलमध्ये मी याआधी एकदाच बोललो होतो, आमच्या लग्नात, आणि तेही एकच शब्द.

"मंडळी," मी म्हटलं, "त्या दोन्ही वस्तू मी गुडघ्यावर बसून जवळून पाहिल्यात. त्यांच्यात साम्य नाही. वास तर अगदीच वेगळा. आणि आर्डिथची पाई माझ्या गाईने थाळीसकट चाटली. तिने माझी पेंडसुद्धा कधी इतक्या आवडीने खाल्लेली नाही."

आर्डिथने डोळे मिटले.

तेवढ्यात काठी आपटल्याचा आवाज आला. वेल्मा झास्ट्रो. "गाईला मिळते आणि मला नाही? आण गं इकडे."

वेल्माने सावकाश एक घास घेतला. मग दुसरा. तिने आपल्या पाईचं प्रमाण कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि दुसऱ्याचं कधी विचारलं नव्हतं. तिने चमचा खाली ठेवला.

"आर्डिथ, जायफळ किती घातलंस?"

मग जी रांग लागली! ड्वेनने दोन तुकडे घेतले. पाव तासात टेबलावर फक्त चुरा उरला. आर्डिथचे कान लाल झाले होते. तिने गर्दीतून माझ्याकडे पाहिलं, आणि कालपासून पहिल्यांदा तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आपला खांदा माझ्या खांद्याला लागेल इतकी जवळ.

त्या क्षणी मी खाली बसायला हवं होतं.

"ओटो," ड्वेन तोंड पुसत म्हणाला, "पण गाईंचं काय ठरलं मग?"

गाईंबद्दल कुणी विचारलं की मला राहवत नाही. "काल टेसाला बरोबर फोटो पाठवला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ती म्हणाली, गाईमागे अर्धा पौंड पेंड वाढवा. वाढवली. आता बघा, दोन आठवड्यांत सगळा कळप अगदी आर्डिथसारखी पाई घालायला लागेल."

आर्डिथने एप्रन सोडला. त्याची चार पदरी घडी केली आणि माझ्या हातात ठेवली. मग माझ्या कोटाच्या खिशात हात घालून गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या (घर तिथून अकरा मैल आहे), आणि दाराबाहेर निघून गेली.