सासूबाईंचा श्वास

आमच्या रेडिएशन विभागात पेशंटचा श्वास ताळ्यावर आणावा तर मीच! कितीही घाबरलेला माणूस टेबलावर येऊ दे, मी माइकवर दोन गोड शब्द बोललो की त्याचा श्वास पाळण्यासारखा हलायला लागतो. म्हणून सासूबाईंच्या फुफ्फुसात बोराएवढी गाठ निघाली तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "आईंचं स्कॅन मीच करणार. तू निर्धास्त राहा."

ती निर्धास्त राहिली नाही. तिला माझा अनुभव दांडगा!

फुफ्फुसातली गाठ एका जागी बसत नाही, श्वासासरशी वरखाली होते. म्हणून पेशंटच्या पोटावर एक डबी ठेवायची, तिची हालचाल कॅमेऱ्याने मोजायची आणि श्वासाप्रमाणे स्कॅनची चित्रं जुळवायची. श्वास वेडावाकडा झाला तर गाठ फरफटल्यासारखी दिसते, आणि मग किरण चांगल्या फुफ्फुसालाही भाजून काढतात. म्हणजे प्रकरण थट्टेचं नव्हतं.

"आई, नेहमीसारखा श्वास घ्या," मी काचेपलीकडून माइकवर म्हणालो.

"नेहमीसारखा म्हणजे कसा?" सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका! "आजवर कधी लक्ष दिलं नाही. नीट समजावून सांगा."

झालं! त्या श्वास आठवून आठवून घ्यायला लागल्या. पडद्यावरच्या रेघेत एकदा डोंगर, एकदा दरी, मधेच लांबलचक पठार.

"आई, श्वास थांबवू नका!"

"थांबवला नाही. विचार करतेय."

मोजमाप बघणाऱ्या आमच्या फिजिसिस्टबाई चष्म्यावरून म्हणाल्या, "तुमची ती प्रसिद्ध हातोटी हीच का?"

मला झोंबलं. मी माइक बंद केला (असं मला वाटलं!) आणि म्हणालो, "अहो, हे फुफ्फुस नाही, हेडबाईंचं ऑफिस आहे! आत शिरायला हवेलासुद्धा परवानगी लागते!"

रेघ तडक छताकडे निघाली.

"जावईबापू," स्पीकरमधून आवाज आला, "ऐकू येतंय बरं मला."

घाईघाईत हाताला लागेल ते बटण दाबून मी विनवलं, "आई, माफ करा, तुमच्या फुफ्फुसाला ऑफिस म्हणायला नको होतं!" ते बटण बाहेरच्या वेटिंग हॉलचं निघालं. तिथे बायको बसली होती.

दार धाडकन उघडलं.

"अहो! काय म्हणालात माझ्या आईला?"

"काही नाही गं..."

"सगळ्या हॉलने ऐकलं! घरी मिक्सर लावलात तर झाकण छताला, इस्त्री केलीत तर शर्टाला खिडकी! आणि इथे म्हणे यंत्र चालवतात!"

तोफखाना सुरू झाला. आत आवाज नेणारा माइक अजून चालूच. तेवढ्यात फिजिसिस्टबाईंनी माझी बाही ओढली. "रेघ बघा!"

रेघ कसली, लाटा होत्या! एकीसारखी दुसरी. आत सासूबाई डोळे मिटून, गाणं ऐकावं तशा समाधानाने ऐकत होत्या.

"स्कॅन सुरू करते," बाई कुजबुजल्या. "यांना थांबू देऊ नका!"

पण बायको थांबली. काचेतून तिला यंत्राखाली आडवी झालेली आई दिसली, आणि तिचे डोळे भरले. "होईल ना हो आई बरी?"

रेघ थरथरली. प्रसंग बाका होता. कोणत्याही नवऱ्याला ठाऊक असलेलं ते वाक्य मी काळजावर दगड ठेवून उच्चारलं.

"पण यात माझं काय चुकलं?"

पुढचं सगळं स्कॅन सुरळीत पार पडलं!

डॉक्टर चित्रं बघून खूश झाले. "गाठ अगदी रेखीव आलीय! फक्त उपचारांच्या वेळीही दररोज श्वास असाच हवा हं."

"त्याची काळजी नको, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या लेकीला विषय कमी पडायचे नाहीत."

पडले नाहीत. रोज सकाळी बायको माइकसमोर, मी तिच्यासमोर, आणि यंत्र तालात. गाठ विरत गेली. शेवटच्या दिवशी मी सुटकेचा नि:श्वास टाकतोय, तर सासूबाई टेबलावरून उतरायलाच तयार होईनात.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "अजून चार-पाच दिवस वाढवून नाही का मिळणार? फार बरं वाटतं हो!"