खांबवाले मोघे

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत मोघेकाकांचं दार वाजवलं, की आतून उत्तर यायचं, "एकोणतीस चोक... थांब रे!"

मग थांबायचं. पाढा संपला की दार उघडायचं. आत ओट्यावर तोटी लावलेली उभी काचेची नळी असायची आणि पाढ्याच्या दर ओळीला तिच्यातून एक थेंब खालच्या चंबूत पडायचा.

काका कॉलेजच्या रसायनशाळेतून निवृत्त झाले, पण ही बातमी फक्त कॉलेजला कळली. त्यांना चिकणमातीत खांब उभे करायचे होते. ही माती म्हणजे पापडांची चळत. भिजली की पापड सुटे होतात, भाजली की पुन्हा एकमेकांवर बसतात. म्हणून ओली असतानाच मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे अतिसूक्ष्म खांब सरकवायचे आणि मग भाजायचं. "पाणी गेलं तरी जागा राहिली पाहिजे," हे काकांचं पालुपद. दूधवाल्याचीही त्यातून सुटका नव्हती.

खांबांचं द्रावण करताना कॉस्टिक सोडा घाईनं पडला तर गाठी होतात. म्हणून पाढा, आणि एकोणतीसचाच, कारण तो कुणालाच भराभर येत नाही. ही युक्ती काकूंची. त्या म्युनिसिपल शाळेत शिकवायच्या. काका सातावर हमखास अडायचे. "एकोणतीस साते..." की पोळी लाटता लाटता काकू म्हणायच्या, "दोनशे तीन. सोडा थेंब."

त्यांच्या हयातीत एकदा माती जमल्यासारखी वाटली होती, पण तपासायला यंत्र मिळालं नाही. पुढे काकू गेल्या. चाळीच्या मंडळानं काकांना 'थोर शास्त्रज्ञ' म्हणून शाल पांघरली. दुसऱ्या दिवशी काका तिच्यातून माती गाळत होते. सत्काराच्या शालीचा उपयोग झालेला मी तेवढाच पाहिला.

गेल्या वर्षी दादरच्या कॉलेजातला त्यांचा जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, आमचं क्ष-किरणांचं यंत्र महिनाअखेरीस हलवतायत. एक नमुना द्या, भाजून तपासतो. एकच हं."

काकांनी जपून ठेवलेली मातीची शेवटची पुडी भिजवली. थेंब अर्ध्यावर आले, आता मध्येच थांबवून चालणार नव्हतं, आणि बँकेतून फोन आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला, आज शेवटचा दिवस.

"बस इथे," काका मला म्हणाले. "मी जिवंत आहे एवढं सांगून येतो. पाढा येतो ना?"

"म्हणजे काय!"

सातावर अडलो. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा अडलो. मग मी दहाचा पाढा धरला. दहाचा पाढा पळतो, थेंबही पळाले. काका परतले तेव्हा चंबूत साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गाठी तरंगत होत्या.

त्यांनी वाकून पाहिलं. "कितीचा म्हणालास?"

"एकोणतीसचाच."

"असं." एवढंच म्हणून त्यांनी गाठी गाळल्या. उरलेलं द्रावण मातीत सोडलं, धुतलं, वाळवलं, आणि पुडी छातीशी धरून दादरला नेऊन दिली.

आठवड्यानं फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. काकांनी ऐकून घेतलं, विद्यार्थ्याचे आभार मानले आणि फोन ठेवला.

"थर बसले," ते म्हणाले. "जागा राहिली नाही."

"काका, त्या दिवशी मी..."

"माती खराब आली होती." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "पूर्वीसारखी माती येत नाही हल्ली. चहा घेणार?"

आता काचेची नळी कपाटात आहे. ओट्यावर काही नसतं. तरी दुपारी भिंतीपलीकडून पाढा ऐकू येतो. "एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते..."

इथे काका थांबतात. बराच वेळ. मग पुन्हा एकोणतीस एके.

मी पाढा पाठ केलाय. मधली भिंत पातळ आहे, हळू बोललो तरी पलीकडे ऐकू जाईल. मी बोलत नाही. ती ओळ माझी नाही.