खारीचे लाडू आणि वाघाचे हुकूम

एका जंगलात एक खार होती. नाव चिमाबाई. मुलांनो, हसू नका, खारीलाही नाव असतं.

चिमाबाई जांभळीखाली मोहाचे लाडू विकायची. त्यात घालायला मध घ्यायची नदीपलीकडच्या अस्वलाकडून. दुकान झकास चालायचं.

एकदा वाघाचं आणि अस्वलाचं वाजलं. कशावरून, ते दोघांनाही आठवत नाही. वाघानं हुकूम काढला, "अस्वलाचा मध बंद!"

आता या जंगलात हुकूम पोपट सांगायचा. झाडाझाडावर बसत, पेरू खात, गप्पा मारत यायचा. जांभळीपर्यंत पोचेस्तोवर हुकूम शिळा व्हायचा.

"पोपटराव, पलीकडचा मध बंद ना? मग मी अलीकडच्या माश्यांचा घेते," चिमाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोपट परत हजर. "माश्या पलीकडच्या फुलांवर जातात. तोही बंद."

चिमाबाईनं माश्यांना विचारलं, "बायांनो, कुठं जाता गं?"

"आम्ही काय फुलाला गाव विचारतो होय?" माश्या फणकारल्या.

चिमाबाईनं मध सोडला, गूळ धरला. पुढच्या दवंडीत गूळही गेला. का, तर ऊस नदीचं पाणी पितो आणि अस्वल त्याच नदीत आंघोळ करतं!

शेजारचा मुंगूस बिळात बसून तिच्याकडूनच आधी घेतलेले मधाचे लाडू चापत होता. म्हणाला, "काकू, एवढं काय मनावर घेता?"

"गप रे, मेल्या! दुकान जाईल माझं," चिमाबाई म्हणाली. तिनं होते नव्हते ते सगळे लाडू नदीत ओतले.

संध्याकाळी वाघच दारात उभा. "पोरीचं लग्न आहे. मधाचे लाडू काढ!"

वाघ लाडू खातो का, असं विचारू नका. राजा काहीही खातो.

"महाराज, टाकून दिले. तुमचाच हुकूम होता."

"तो सकाळपर्यंतचा! दुपारी मध सुरू केला मी."

"पण पोपट अजून आलाच नाही!"

"मग तू जुना हुकूम पाळत बसलीस? म्हणजे नवा मोडलास!" वाघ डरकाळला. "दुकान जप्त!"

तेवढ्यात मुंगूस पुढं झाला. "महाराज, माझ्याकडं आहेत की. अस्सल पलीकडच्या मधाचे."

वाघाचे डोळे पाणावले. "याला म्हणतात राजनिष्ठा!" जांभळीखालचं दुकान त्यानं तिथल्या तिथं मुंगसाला देऊन टाकलं.

चिमाबाईला राहवेना. "मुडद्या, रोज हुकूम बदलत होता. तुला कसं जमलं रे?"

"काकू, मी दवंडी ऐकतच नाही," मुंगूस म्हणाला. "बरं, उद्यापासून कामाला या. मला लाडू वळता येत नाहीत."

तात्पर्य : हुकूम शंभरदा बदलला, तरी मोडणाऱ्याला काहीच बदलावं लागत नाही. तेव्हा मुलांनो, चांगल्या सवयी लहानपणीच लावून घ्या.